दार म्हणजे भोक नव्हे

लग्नाच्या पंगतीत शेजारच्याकडे मिठाची वाटी सरकवायला सांगावं, इतक्या सहजपणे आमचे डॉक्टर लोकांकडे लघवी मागत. "सकाळची पहिली. बाटली मी देतो," एवढं सांगायचं आणि पुन्हा जिलबीकडे वळायचं. एकदा वरपक्षातल्या एका वजनदार गृहस्थांनी याचा एवढा राग धरला की ते भरल्या पानावरून उठले. त्यांना काय झालं हे डॉक्टरांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या मते त्या गृहस्थांना ती वस्तू तशीही टाकूनच द्यायची होती.

बेलापुरात त्यांना सगळे मुताचा डॉक्टर म्हणत. तोंडावरही म्हणत. त्यांना त्याचं काहीच वाटत नसे. उलट कुणा पाहुण्याला घराचा पत्ता सांगायचा झाला, तर ते स्वतःच तेच नाव सांगत. म्हणत, माझं खरं नाव विचारलंत तर संध्याकाळपर्यंत फिरत बसाल.

तेव्हा नवी मुंबई हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. बेलापूर म्हणजे खाडी, मिठागरं, भातखाचरं आणि दिवाळ्याचा कोळीवाडा. ठाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एकेक कारखाना उभा राहू लागला होता. त्यातल्याच दिघ्याकडच्या एका रसायनाच्या कारखान्यात डॉक्टर सकाळी कामगारांना तपासत आणि दुपारी घरी येऊन स्वतःचं काम करत. मी बेलापूरच्या शाळेत शास्त्र शिकवत होते.

त्यांची माझी ओळख झाली ती शाळेच्या सूक्ष्मदर्शकावरून. एका दुपारी एक उंच, वाकलेला माणूस शिक्षकांच्या खोलीत शिरला. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, पायात रबरी बूट आणि उजव्या हाताची बोटं जांभळी, नुकतीच जांभळं खाल्ल्यासारखी. शाळेत सूक्ष्मदर्शक आहे असं ऐकलं, तो कुठे आहे, असं त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं. तो कपाटात कुलपात होता. मुलं मोडतील म्हणून हेडमास्तर तो कधीच बाहेर काढू देत नसत. डॉक्टरांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. ते म्हणाले, यंत्र दर रविवारी मला द्या, आणि त्याच्या बदल्यात दर शनिवारी मी तुमच्या अकरावीला एक तास शिकवतो. हेडमास्तरांना फुकट डॉक्टर मिळाला, मला सूक्ष्मदर्शक कुलपाबाहेर आलेला दिसला. त्याच्या मागोमाग रविवारी मीही त्यांच्याकडे जाऊ लागले.

त्यांचा पहिला तास मला अजून आठवतो. मुलांना त्यांनी विचारलं, दिवाळीच्या आधी घर कसं झाडतात? मुलं म्हणाली, केरसुणीने. डॉक्टर म्हणाले, ते रोजचं झालं. दिवाळीला आई काय करते? सगळं सामान अंगणात काढते, डबे, अंथरुणं, पाटे-वरवंटे, सगळं. मग त्यातलं हवं तेवढं परत आत नेते, आणि नको ते बाहेरच राहतं. मूत्रपिंड अगदी तसंच करतं. रक्तातलं वाईट तेवढं शोधून ते बाहेर टाकत नाही. चांगलं-वाईट सगळं आधी एका बारीक नळीत ओततं. मग त्या नळीच्या भिंतीतल्या पेशी पाण्यातून साखर, मीठ आणि अमिनो आम्लं, म्हणजे आपण खाल्लेल्या मासळीचे, डाळीचे सगळ्यांत लहान तुकडे, उचलून परत रक्तात नेतात.

एका मुलाने विचारलं, पेशीला भोकं असतील, त्यातून ते आपोआप आत येत असतील ना? डॉक्टर या प्रश्नाची वाटच बघत होते. त्यांनी वर्गाचं दार उघडलं आणि लावलं.

"दार म्हणजे भोक नव्हे," ते म्हणाले. "भोकातून कुणीही येतं. दारात कुणीतरी उभं असतं, ते ओळखून आत घेतं. आणि घेण्याचे कष्ट करतं. पेशी काम करते. हे लिहून घ्या."

मुलांनी लिहून घेतलं. मीही घेतलं.

याच वाक्यापायी त्यांची मुंबईची नोकरी गेली होती. तिथल्या एका वैद्यकीय कॉलेजात ते शरीरशास्त्र शिकवत. काही घराण्यांमध्ये भावंडांना लहान वयापासून पुन्हापुन्हा एका विशिष्ट जातीचे मुतखडे होतात. त्यांच्या लघवीत सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल भरमसाट सापडतं, ते पाण्यात फारसं विरघळत नाही, आणि त्याचेच खडे बनतात. डॉक्टरांचे विभागप्रमुख जुन्या मताचे होते. त्यांचं म्हणणं असं की दोष यकृतात आहे, तिथे सिस्टीन जास्त तयार होतं आणि बिचारं मूत्रपिंड ते फक्त बाहेर सांडतं. परदेशात तोवर नवं मत मांडलं गेलं होतं, की रक्तात सिस्टीन जास्त नसतंच. मूत्रपिंडाच्या पेशी ते परत उचलत नाहीत म्हणून ते वाहून जातं. डॉक्टरांनी हे भर सभेत सांगितलं. प्रमुख हसले. डॉक्टर म्हणाले, तुम्ही हसलात हा पुरावा धरता येत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. पश्चात्ताप वगैरे काही नाही. ही गोष्ट सांगताना ते नेहमी खुशीत असत.

रविवारचा आमचा कार्यक्रम ठरलेला असे. डॉक्टर पहाटे पनवेलच्या खाटकाकडे जाऊन बोकडाची ताजी मूत्रपिंडं बर्फ भरलेल्या थर्मासातून आणत. मी दाढीच्या नव्या पात्याने त्यांच्या कागदासारख्या पातळ चकत्या काढायच्या. घरी भाकरी थापून आलेल्या हाताला ते पटकन जमलं, याचं डॉक्टरांना फार अप्रूप होतं. चकत्या मिठाच्या कोमट पाण्यात सोडायच्या, त्यात प्राणवायूचे बुडबुडे सोडायचे आणि हवं ते अमिनो आम्ल घालायचं. बोकड कधीच संपलेला असे, पण चकतीतल्या पेशी थोडा वेळ जिवंत असत आणि आपलं काम करत राहत. मग चकती कुटून तिचा रस शोषकागदावर टिपायचा, कागद द्रावणात टांगायचा, वाळवायचा, त्यावर एक औषध फवारून निखाऱ्यावर शेकायचा. जिथे अमिनो आम्ल असेल तिथे जांभळा ठिपका उमटे. डॉक्टरांची बोटं जांभळी असत ती त्या औषधाने. शेजारची मंडळी अंगणातल्या दोरीवर बोंबील वाळवत, आमच्या दोरीवर हे ठिपक्यांचे कागद.

बाहेरच्या पाण्यापेक्षा चकतीच्या आत ठिपका गडद यायचा. म्हणजे बाहेर कमी असतानाही पेशी आणखी आत ओढून घेत होती. पाण्यात थोडं विष घातलं, की ठिपका फिका. डॉक्टर फिका कागद उन्हात धरून मला म्हणत, बघा बाई, भोक असतं तर त्याला विष कसं लागलं असतं?

त्यांचा आणखी एक ठाम अंदाज होता. त्या घराण्यांमध्ये सिस्टीनबरोबर आणखी तीन अमिनो आम्लं वाहून जातात. म्हणजे या चौघांचं पेशीला दार एकच असणार, आणि या लोकांचं तेच दार बिघडलेलं असणार. यावर त्यांनी इतक्या खात्रीने भाषणं दिली होती की बेलापूरच्या न्हाव्यालाही चार आणि एक हा हिशेब पाठ झाला होता.

हिरा आमच्याकडे आली ती अशा वेळी. दिवाळ्याच्या एका नाखवांची ही मुलगी. नाखवा म्हणजे स्वतःची होडी असलेला कोळी. विशीतली, उंच, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. बेलापूरच्या बाजारात तिची मासळीची जागा होती. तिच्या थोरल्या भावाला मुतखडे होत. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात त्याचं एक मूत्रपिंड काढलं, पुढे दुसऱ्यात खडा झाला, पुन्हा चिरफाड झाली आणि त्यातून तो उठला नाही. आता हिराच्या कमरेत तशीच कळ येऊ लागली होती. क्ष-किरणांच्या फोटोत बोराएवढी सावली दिसली होती, आणि त्याच इस्पितळाच्या सर्जननी शस्त्रक्रियेला बोलावलं होतं. कोळीवाड्यात लोक म्हणत होते, घराण्याकडून देवाचं काहीतरी करायचं राहिलंय. तिचं जमलेलं लग्न त्यावरून मोडलं होतं.

नाखवा डॉक्टरांकडे आले ते उपचाराला नव्हे, नुसतं विचारायला. गावभर लघवी मागणारा माणूस खड्यांबद्दल काहीतरी जाणतो, एवढंच त्यांनी ऐकलं होतं. डॉक्टरांनी हिराला बाटली दिली. दुसऱ्या दिवशी लघवीत औषधं घातली तशी ती आमच्या डोळ्यांसमोर किरमिजी लाल झाली, ही सिस्टीनची खूण. थेंबभर मी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. सहा बाजूंचे सपाट, काचेसारखे स्फटिक, जणू कुणी मोजून कापलेले. पुस्तकात मी त्यांचं चित्र पाहिलं होतं, प्रत्यक्ष कधी नाही. शोषकागदावर चार ठिपके उमटले, चारही काळपट जांभळे. डॉक्टरांनी नाखवांना विचारलं, तुमची बायको तुमच्या नात्यातली का? नाखवा म्हणाले, मामाची मुलगी. डॉक्टरांनी मान हलवली आणि हा दोष आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो, नात्यातल्या लग्नात तसं सहज घडतं, देवाने यात काही केलेलं नाही, हे त्यांना स्वच्छ सांगितलं.

मग त्यांनी उपाय सांगितला. भरपूर पाणी, दिवसा आणि रात्रीही उठून, आणि त्याबरोबर खाण्याचा सोडा. लघवी पातळ राहिली आणि तिचा आंबटपणा गेला की सिस्टीन विरघळतं. नवा खडा होत नाही, आणि जुना हळूहळू झिजतो. परदेशातल्या डॉक्टरांनी हे करून पाहिलं होतं. नाखवांना वाटलं, हा चेष्टा करतोय. मुलाला दोनदा कापलं, आणि हा म्हणतो पाणी पाजा.

डॉक्टर स्वतः मुंबईला जाऊन सर्जनना भेटले. मी बरोबर होते. दोघे एकाच काळात कॉलेजात होते. सर्जन भले माणूस होते, पण त्यांचा विश्वास सुरीवर होता. बरंच बोलणं झाल्यावर ते म्हणाले, कळ वाढली नाही, ताप आला नाही, तर मी होळीपर्यंत थांबतो. त्यापुढे ही मुलगी माझी. नारळी पुनव नुकतीच झाली होती.

पहिले काही आठवडे हिराच्या लघवीतले स्फटिक कमी झाले आणि मग एकदम वाढले. डॉक्टरांनी तिला समोर उभं करून झापलं. तुला जगायचंय का नाही, इथपर्यंत ते गेले. बाजारात दहा जणींना पुरून उरणारी हिरा खाली मान घालून उभी राहिली. ती गेल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, पाणी प्यायलेली बाई बाजारात बसून जाणार कुठे?

त्यांना प्रश्नच समजला नाही. मला उलगडून सांगावं लागलं. वाड्यातल्या बायका पहाटे अंधारात जातात आणि मग दिवस मावळल्यावर. मधला सगळा वेळ पाण्याचा घोट न घेता काढतात. पुरुषांना कुठलाही बांध चालतो. आणि हे फक्त कोळणींचं नाही. शाळेत मुलांसाठी आडोसा आहे, पण बायकांसाठी नाही, म्हणून मीही सकाळी चहा घेतल्यावर घरी पोचेपर्यंत पाणी पीत नाही. अकरावीला पाण्याचं महत्त्व शिकवते तीसुद्धा कोरड्या घशाने.

डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "पेशीच्या दाराशी कोण उभं आहे हे शोधण्यात मी इतकी वर्षं घालवली, बाई. आणि हे मला माहीत नव्हतं."

दुसऱ्या दिवसापासून मूत्रपिंडाचं काम बंद. कारखान्याच्या मॅनेजरला गाठून त्यांनी विटा आणि पत्रे मिळवले, गवंडी आणला, आणि मासळीबाजाराच्या मागे बायकांसाठी दोन संडास उभे केले. रबरी बूट घालून ते स्वतः उन्हात उभे. गवंड्याने दारांना बाहेरून कडी लावली, तेव्हा ती काढून आतून लावायला लावली. मग तसंच एक शाळेत. पंचायतीतल्या काही जणांना हा फार चावट विषय वाटला. डॉक्टरांनी त्यांच्या सभेत जाऊन इतक्या मोठ्या आवाजात, इतक्या बारकाव्यांसह बायकांच्या मूत्राशयाची माहिती द्यायला सुरुवात केली, की ठराव लगेच मंजूर झाला.

हिरा आता पाटीशेजारी पाण्याची कळशी घेऊन बसू लागली. तिच्या नादाने बाकीच्या कोळणीही पिऊ लागल्या. स्फटिक पुन्हा कमी झाले.

आणि मग संक्रांतीच्या सुमारास डॉक्टरांनी गावात पेढे वाटले.

झालं होतं असं, की चौघांचं दार एक आहे हे आम्ही चकत्यांवर ताडून बघत होतो. दार एकच असेल, तर एकाची गर्दी केली की दुसऱ्याला आत शिरायला अडचण झाली पाहिजे. तिघांच्या बाबतीत तसं झालं. एकाची गर्दी केली की दुसऱ्याचा ठिपका फिका पडे. पण सिस्टीनवर कशाचाही परिणाम होईना. बाकीच्यांनी कितीही गर्दी करो, ते आपलं निवांत आत जाई. आम्ही पुन्हापुन्हा करून पाहिलं. मला वाटलं, माझ्याच चकत्या जाड झाल्या. डॉक्टर म्हणाले, चकत्या उत्तम आहेत, माझा अंदाज चुकला आहे. सिस्टीनचं दार वेगळं आहे. त्यांनी इस्त्रीचा नवा सदरा घातला, हलवायाकडून पेढे आणले आणि ओळखीच्या प्रत्येकाला देऊन सांगितलं, माझं खोटं ठरलं. न्हाव्यालाही सांगितलं. खरं ठरलं की माणूस जिथल्या तिथे राहतो, खोटं ठरलं की पुढे सरकतो, मग पेढे कधी वाटायचे, असा त्यांचा सवाल होता.

संध्याकाळी नाखवा आले. मी तिथेच होते. ते आत येऊन उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"डॉक्टर, बाजारान सांगतान, तुमचा खोटा ठरला."

डॉक्टर उत्साहाने दारांविषयी समजावू लागले. नाखवांनी हात वर केला.

"मना दारांचा काय कलत नाय. येवढाच सांगा. पोरीचा दगड इरघलेल का नाय?"

डॉक्टर दारं सोडून सावकाश बोलले.

"विरघळेल. दार कुठलं हे मला माहीत नाही, पण सिस्टीन सोड्याच्या पाण्यात विरघळतं हे मला माहीत आहे. तरी मी म्हणतो म्हणून मानू नका, नाखवा. हिराच्या पोटात मला बघता येत नाही. तसा एखादा खडा हातात असता, तर तुमच्या डोळ्यांसमोर विरघळवून दाखवला असता."

नाखवा निघून गेले. डॉक्टर मला म्हणाले, उद्या ते पोरीला मुंबईला नेणार. मलाही तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गेले, तर नाखवा डॉक्टरांच्या समोर बसले होते. त्यांनी कमरेच्या रुमालाची गाठ सोडली. आत वालाच्या दाण्याएवढा एक खडा होता, मधासारखा पिवळसर, मेणासारखा तुळतुळीत. मुलाच्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर इस्पितळाने तो पुडीत बांधून बापाच्या हातात दिला होता. मुलगा गेल्यावर नाखवांनी तो देव्हाऱ्यात ठेवला होता.

"यो माज्या पोराचा हाय," ते म्हणाले.

जे दिसेल ते नमुना म्हणून खिशात टाकणाऱ्या आमच्या डॉक्टरांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. ते म्हणाले, नाखवा, विरघळला तर परत मिळणार नाही.

"ठावं हाय. पन त्याचा पानी फेकू नका."

डॉक्टरांनी खड्याचा कणभर चुरा काढून तपासला. तोच किरमिजी रंग आला. मग काचेच्या पेल्यात सोड्याचं कोमट पाणी घेऊन खडा त्यात सोडला आणि पेला खिडकीत ठेवला. दोन-चार दिवसांनी पाणी बदलायचं, आणि काढलेलं पाणी एका लोणच्याच्या बरणीत साठवायचं. नाखवा होडी लावून आले की रोज येत, पेल्यासमोर उकिडवे बसत, बघत आणि निघून जात. पहिल्या आठवड्यात काहीच झालं नाही. मग खड्याची तकाकी गेली. मग त्यावर खळगे पडले, कडा खचल्या. एके दिवशी नाखवा नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले आणि उठताना मला म्हणाले, बारीक झाला, बाई. त्या दिवसापासून ते हिराला रात्री स्वतः उठवून पाणी देऊ लागले, हे मला पुढे हिरानेच सांगितलं. आई म्हणे रडायची आणि बाप तांब्या घेऊन उभा.

पेल्यातला खडा मोहरीएवढा झाला, आणि मग एका सकाळी सापडेना.

होळीच्या आधी आम्ही सगळे मुंबईला गेलो. सर्जननी नवा फोटो दिव्यासमोर लावला, शेजारी जुना लावला. जुन्यात बोराएवढी सावली. नव्यात तिच्या जागी नख लागावं इतकी फिकी खूण. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि हिराला म्हणाले, बाई, आता मी कापू तरी काय? मग त्यांनी डॉक्टरांना सोड्याचं प्रमाण विचारलं आणि आपल्या हाताने लिहून घेतलं. डॉक्टरांनी तिथेही सांगून टाकलं, की एका दाराचा आपला अंदाज चुकला आहे आणि हे चौघे एकदम का वाहून जातात हे आपल्याला माहीत नाही.

याचा शेवट मला फार उशिरा कळला. माझी एक विद्यार्थिनी पुढे मूत्रपिंडाची डॉक्टर झाली. मी म्हातारी झाल्यावर एकदा तिला ही हकिकत सांगितली, तेव्हा ती हसली. तिने सांगितलं की त्या पेशीला दोन अंगं असतात, एक नळीकडचं, एक रक्ताकडचं. चकती कापली की नळ्या मिटून जातात, आणि पेशी मागच्या अंगाने, रक्ताच्या बाजूने पिते. तुम्ही मागचं दार तपासत होता, बाई. पुढचं, नळीतलं दार चौघांचं एकच निघालं. म्हणजे डॉक्टरांचा पहिला अंदाजच बरोबर होता. ते असते, तर दुसरा अंदाज खोटा ठरल्याचेही पेढे त्यांनी वाटले असते.

पण तेव्हा ते नव्हते. खानदेशात मुतखड्याचे रोगी पुष्कळ आहेत असं फार पूर्वीच त्यांना कुणीतरी सांगितलं, आणि लग्नघरी निघाल्यासारखे ते उत्साहाने बेलापूर सोडून गेले. जाताना सूक्ष्मदर्शक शाळेला परत केला आणि हेडमास्तरांना बजावलं, कुलूप लावू नका. अधूनमधून त्यांचं कार्ड येई, मजकूर बहुतेक एखाद्या कुटुंबाच्या ठिपक्यांचा. मग तेही थांबलं.

ते पुष्कळ प्रकारांनी आठवतात. पण डोळ्यांसमोर येतात ते त्या होळीनंतरच्या सकाळचे. नाखवांनी आम्हा दोघांना होडीत बोलावलं होतं. डॉक्टर खाडीकाठी इतकी वर्षं राहिले, पण होडीत कधी बसले नव्हते. त्यांना पाण्याची भीती होती, आणि ती त्यांनी कुणाला कळू दिली नव्हती. त्या दिवशी ते एका हाताने फळी धरून आणि दुसऱ्या हाताने बरणी पोटाशी घेऊन बसले. हिरा वल्ह्यावर होती. कोळीवाडा मागे पडला, खाडी रुंद झाली. नाखवांनी होडी थांबवायला सांगितली, बरणी घेतली, कपाळाला लावली आणि सगळं पाणी हळूहळू सोडलं. सोड्याचं पाणी खाडीच्या पाण्यात कुठे गेलं ते दिसलंही नाही.

एरवी डॉक्टर अशा वेळी गप्प बसले नसते. बरणीत सिस्टीन किती होतं, हे त्यांनी नक्की काढून ठेवलं असणार. नाखवा पाण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बरणी खाडीत विसळली आणि पालथी घातली.

हिराने वल्हं आडवं ठेवलं. फळीखालची कळशी ओढली, तोंडाला लावली आणि कुणी न सांगता मान मागे टाकून पुष्कळ वेळ पीत राहिली. पदराने तोंड पुसून तिने कळशी डॉक्टरांसमोर धरली.

"घ्या, तुमी बी प्या."

डॉक्टरांनी फळी सोडली आणि दोन्ही हातांनी कळशी धरली.